रेस न देता रेस धरणारी गाडी

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या जुन्या डिझेल पिकअपला एक खोड लागली. पाय अ‍ॅक्सिलेटरवर नसतानाही इंजिन रेस धरायचं. पहाटे बेळगावातून भाजी भरून निघताना गाडी अगदी शहाणी. जांबोटी मागे पडून इंजिन चांगलं तापलं, की न्यूट्रलमध्येसुद्धा भणभणत राहायची. आणि पुढे चोर्ला घाट. उतारावर लहान गिअर टाकून पाय उचलला की इंजिनाने गाडीला मागे धरून ठेवायचं असतं. आमचं इंजिन उलट गाडीला पुढे रेटत होतं, म्हणजे सगळा भार ब्रेकवर. घाट उतरला की डॅडी थांबायचे आणि चाकाजवळ वाकून ब्रेकचा करपट वास येतोय का, ते बघायचे.

एका गॅरेजवाल्याने पंपावरचा आयडलचा स्क्रू दोन फेरे बाहेर काढला. काहीच फरक नाही. मग त्याने निकाल दिला : पंप आतून गेलाय, उतरवून उघडावा लागेल, 18 हजार. त्याच महिन्यात माझी सेमिस्टरची फी भरायची होती. डॅडी काही बोलले नाहीत, पण रात्री हिशेबाची वही काढून बसलेले दिसले. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. (मैत्रिणीला सांगितलं, आयडलवर लिहितेय, तर तिला वाटलं मूर्तिपूजेवर निबंध आहे. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच, करणार काय!)

आयडल म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगाने फिरत राहतं तो वेग. आमच्यासारख्या गाडीला तो मिनिटाला साधारण 750 ते 850 फेरे असतो. डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा नसला तरी मोजता येतो. सपाट रस्त्यावर पहिला गिअर टाकून क्लच सोडायचा आणि रेस न देता गाडी किती वेगाने सरपटते ते बघायचं. आमची नेहमी ताशी 6 किलोमीटरने चालायची, आता 9च्या पुढे जात होती. गिअर तोच, चाक तेच, म्हणजे इंजिन दीडपट फिरत होतं. 800चे 1200 झाले होते.

आता मुख्य गोष्ट. पेट्रोल इंजिनात आपण पायाने हवेची झडप उघडतो. हवा किती, त्यावर पेट्रोल किती ते ठरतं. म्हणून तिथे हवेच्या पाइपला चीर पडली तर आयडल वाढू शकतो. जुन्या डिझेल इंजिनाचं तसं नाही. हवा मोकळीच आत येते, वेग ठरतो तो फक्त डिझेल किती मिळतं त्यावर. हवेचा पाइप फाटला तर ताकद कमी होईल, काळा धूर येईल; आयडल वाढणार नाही. त्यामुळे डिझेल गाडी रेस धरते तेव्हा एकच प्रश्न विचारायचा : जास्तीचं डिझेल कोण मागतंय?

मागण्याचं काम होतं पंपावर. आमच्याकडची गॅरेजवाली मंडळी त्याला ‘मायको पंप’ म्हणतात, कारण 1951मध्ये स्थापन झालेली बेंगळुरूची मायको कंपनी डिझेलचं हे सामान बनवत आली. नाव 2008मध्ये बदललं, पण गॅरेजमध्ये कोण ऐकतंय! या पंपात एक गव्हर्नर असतो. फिरती वजनं वेग वाढला की बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात. त्यांच्या विरुद्ध एक स्प्रिंग ढकलत असते. हीच कल्पना जेम्स वॅटने 1788मध्ये वाफेच्या इंजिनाला लावली होती. आपण अ‍ॅक्सिलेटर दाबतो तेव्हा केबल पंपावरची लिव्हर ओढते आणि ती लिव्हर आतल्या स्प्रिंगचा ताण वाढवते. म्हणजे आपण थेट डिझेल ओतत नाही, गव्हर्नरला ‘आणखी चालेल’ असं सांगतो. पाय उचलला की लिव्हर मागे येऊन एका स्क्रूवर टेकते. तोच आयडलचा स्क्रू.

वाचून एवढं कळलं. पुढचं दाखवलं आमच्या ओळखीच्या एका चाचांनी. त्यांनी आयुष्यभर ट्रकच दुरुस्त केलेत. रविवारी मिस्सा झाल्यावर डॅडी आणि मी गाडी चांगली पळवून, तापवून त्यांच्याकडे नेली. त्यांनी हत्यार हातात घेतलंच नाही. पहिला प्रश्न : “थंड असताना रेस धरते की गरम झाल्यावर?” हा प्रश्न मोठा आहे. काही पंपांवर थंडीत आयडल वाढवणारा मेणाचा एक तुकडा असतो. इंजिनाचं पाणी तापलं की मेण फुगतं आणि लिव्हरला सोडतं. रेडिएटरात पाणी कमी असेल तर ते मेण थंडच राहतं आणि आयडल चढलेलाच. पण आमची तर गरम झाल्यावरच बिघडायची.

मग हँडब्रेक, न्यूट्रल, चाकाला दगड. मला म्हणाले, “पोरी, ओढणी बांध आधी, पट्टा समोर आहे.” इंजिन भणभणत होतं. टॉर्च लिव्हरवर धरून म्हणाले, “बघ, टेकलीय का?”

लिव्हर स्क्रूवर टेकलेलीच नव्हती! मध्ये दोनेक मिलिमीटरची फट. चाचांनी लिव्हर बोटाने मागे दाबली आणि इंजिन लगेच शांत. बोट काढलं, पुन्हा भणभण. केबलचं टोक लिव्हरवरून सोडवलं तर ती टक्कन स्क्रूवर जाऊन बसली आणि आयडल उतरला. पहिल्या गॅरेजवाल्याने स्क्रू फिरवून फरक पडला नाही, तो यामुळे. लिव्हर स्क्रूला शिवतच नसेल तर स्क्रू फिरवून होणार काय? त्या पुराव्यावरून त्याने नेमका निर्दोष माणूस पकडला होता.

दोष केबलचा. ती एक्झॉस्टच्या पाइपला घासून गेली होती, आतलं प्लॅस्टिक वितळलं होतं. गरम झालं की तार चिकटायची आणि स्प्रिंगला लिव्हर पूर्ण मागे ओढता यायची नाही.

केबल सोडवूनही आयडल उतरला नसता, तर स्क्रू कोणी फिरवलाय का, मेणाचा तुकडा अडकलाय का, हे बघायचं होतं आणि सगळ्यात शेवटी पंप उघडायचा. एक प्रकार मात्र वेगळा आणि धोक्याचा. इंजिन आपोआप चढत जातं, निळा धूर ओकतं, किल्ली बंद केली तरी थांबत नाही. तेव्हा ते डिझेलवर नाही, टर्बोच्या सीलमधून आलेल्या स्वतःच्याच ऑइलवर चालत असतं. ब्रेक घट्ट दाबून मोठ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं. हवेच्या तोंडावर हात कधी ठेवायचा नाही.

नव्या कॉमन रेल पिकअपमध्ये केबलच नसते. पेडलखालचे सेन्सर कॉम्प्युटरला सांगतात आणि आयडल तो ठरवतो. तिथे आधी बघायचं की हा बिघाड आहे की हुकूम. एसी चालू असेल, बॅटरी उतरलेली असेल किंवा एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीत काजळीचा फिल्टर जळून साफ होत असेल, तर कॉम्प्युटर मुद्दाम आयडल वाढवू शकतो. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर खोटं बोलत असला तरी वाढवतो. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्कॅनर लावला आणि बाहेर 22 अंश असताना तो उणे 20 दाखवत असेल, तर चोर सापडला.

आमची नवी केबल 450 रुपयांना आली. ती बसवली आणि पहिल्याच सिग्नलला गाडी बंद पडली! डॅडींचा चेहरा उतरला. पण तो स्क्रू दोन फेरे बाहेर काढलेला होता ना. आता लिव्हर खरोखर त्यावर टेकत होती, म्हणून आयडल फारच खाली गेला होता. चाचांनी गरम इंजिनावर तो पुन्हा आत घेतला. केबल आता एक्झॉस्टपासून चार बोटं लांब, तारेने बांधलेली आहे. पहिल्या गिअरमध्ये गाडी पुन्हा 6नेच सरपटते.