प्रॅक्टिकल आणि शेवटची एसटी

मी जळगावला कॉलेजात फिजिक्स शिकवते. पोटेन्शिओमीटरच्या तारेवर जॉकी घासायची नसते, अलगद टेकवायची असते, आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत दम धरावा लागतो. हे आमच्या मुलींना फार लवकर जमतं. ‘फिजिक्स मुलींचं काम नाही’ म्हणणाऱ्याने एकदा आमच्या लॅबमध्ये उभं राहावं.

मुली गळतात त्या एमएस्सीच्या पुढे. पारोळ्याहून, एरंडोलहून येणारीचं सगळं लक्ष परतीच्या एसटीकडे. संशोधनात मात्र उपकरणाचा नंबर संध्याकाळी लागला की रात्र होणारच, आणि हॉस्टेलचं दार वेळेवर बंद होतं. तोवर घरी स्थळं बघणं सुरू झालेलं असतं. ‘इतलं शिकीसन काय करशी?’ हे मायेनंच विचारलं जातं, पण पीएचडी तिथेच मोडते.

मोठ्या संस्थांमध्येही वाट सोपी नव्हती. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, मुंबईची बीएस्सी करून 1933 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा खुद्द सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून नाकारलं. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळाला, पण अटी घालून. त्याच संस्थेत 1995 मध्ये पुण्याच्या रोहिणी गोडबोले रुजू झाल्या. कणभौतिकीत त्यांचं नाव जगभर झालं. 2008 मध्ये त्यांनी राम रामस्वामी यांच्यासोबत भारतीय वैज्ञानिक स्त्रियांच्या कहाण्यांचं ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक संपादित केलं. ऑक्टोबर 2024 मध्ये त्या गेल्या. माझ्या मते त्यांचं हे पुस्तक त्यांच्या संशोधनाइतकंच मोलाचं आहे, कारण गावाकडच्या मुलीला आधी आपल्यासारखी कुणीतरी दिसावी लागते.

जगाचा हिशेबही तोकडाच. भौतिकशास्त्राचं नोबेल 1901 पासून दोनशेहून अधिक जणांना मिळालं. 2025 पर्यंत त्यात स्त्रिया फक्त पाच. 1903 च्या मेरी क्युरींनंतर दुसरी यायला 60 वर्षं गेली.

2019 मध्ये हैदराबादला भारतीय भौतिकशास्त्रज्ञांनी समानतेची सनद मांडली. बदलायचं ते संस्थांनी, असा तिचा रोख आहे, आणि तो मला पटतो. आमच्या विद्यापीठाला 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्या नावाखाली शिकणाऱ्या मुलींना रात्री लॅब उघडी हवी, हॉस्टेल जवळ हवं, बाळंतपणानंतर फेलोशिप पुन्हा सुरू व्हायला हवी. आणि आईवडिलांनो, पोरीने पीएचडीचा फॉर्म आणला, तर स्थळाला थोडं थांबायला सांगा.