शोध पणजोबांचा, वाट पणजीची

मैत्रिणींनो, तुमच्या आजीचं माहेरचं आडनाव काय होतं? आठवतंय? बरं, पणजीचं? आपल्यापैकी बऱ्याच जणी इथेच अडखळतील. आजोबा-पणजोबांची नावं वंशावळीत असतात, जमिनीच्या कागदांवर असतात. आजी मात्र लग्न झालं की सासरच्या नावात विरघळून जाते. आणि गंमत बघा, सातासमुद्रापार गेलेल्या पूर्वजांचा माग काढणारे कितीतरी लोक नेमकं हे हरवलेलं आडनावच शोधत असतात. ही गोष्ट आहे इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची.

कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा, समुद्रात घुसलेला चिंचोळा परगणा. त्यांची स्वतःची जुनी कॉर्निश भाषा आहे. जमिनीच्या पोटात तांबं आणि कथील. पिढ्यान् पिढ्या माणसं खाणीत राबली आणि त्या कामात तरबेज झाली. १८६६ साली तांब्याचे भाव कोसळले, खाणी पटापट बंद पडू लागल्या. पुढे कथलाचीही तीच गत झाली. मग काय, कुदळ खांद्यावर टाकून माणसं परदेशी निघाली. तशी बाहेर जायची वाट आधीच रुळलेली होती. १८२५च्या सुमारास मेक्सिकोतल्या चांदीच्या खाणींवर कॉर्निश खाणकरी पोचले होते. नंतर अमेरिकेत मिशिगन आणि कॅलिफोर्निया, दक्षिण ऑस्ट्रेलियात बुर्रा आणि मूंटा, दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणी. एकोणिसाव्या शतकात किमान अडीच लाख माणसं कॉर्नवॉल सोडून गेली, असा अंदाज आहे. परदेशात त्यांना ‘कझिन जॅक’ म्हणत. खाणीत माणूस हवा असला की हे लोक म्हणायचे, ‘गावाकडे माझा एक चुलतभाऊ आहे, जॅक, त्याला बोलावतो!’ त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात.

जाताना ते आपली ‘पेस्टी’ही घेऊन गेले. पेस्टी म्हणजे मांस, बटाटा, कांदा भरून भाजलेली भलीमोठी करंजीच म्हणा ना! मेक्सिकोतल्या रिआल देल मॉन्ते गावात ती आजही ‘पास्ते’ नावाने मिळते, फक्त सारणात मिरचीचा ठसका आलाय. माणसं जातात, नावं बदलतात, पण स्वयंपाकघर बरंच काही लक्षात ठेवतं!

पण जॅकच्या मागे राहिलेल्या बायकोचं काय? पुष्कळ खाणकरी एकटेच गेले. ‘पैसे पाठवतो, जम बसला की तुम्हालाही बोलावतो’ असं सांगून. कुणाचे पैसे वेळेवर यायचे. कुणाचे सहा महिने यायचे आणि मग बंद व्हायचे. अशा बायकांवर लेस्ली ट्रॉटर या अभ्यासक बाईंनी संशोधन केलं आणि २०१८मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांना नाव काय दिलंय माहितीये? ‘विवाहित विधवा’. काळजात चर्र होतं ना? पण त्या सगळ्याच काही रडत बसल्या नव्हत्या. कुणी शेत सांभाळलं, कुणी दुकान चालवलं, कुणी कपडे धुऊन मुलं वाढवली. हात अगदीच रिकामे झाले तर सरकारी गरीब-निधीकडे मदत मागावी लागे, आणि त्याची नोंद कागदावर होई. तेव्हा मान खाली घालायला लावणारा तो कागद आज तिच्या पणतवंडांना मोलाचा वाटतो. कारण नवरा कुठे गेला, कधीपासून बेपत्ता आहे, हे त्यात सापडू शकतं. सात वर्षं नवरा जिवंत असल्याची काहीच खबर नसेल, तर दुसरं लग्न केलेल्या बाईला त्या गुन्ह्याची शिक्षा होत नसे. त्यामुळे एकाच बाईची दोन लग्नं नोंदवहीत दिसली, तर लगेच नाक मुरडायचं कारण नाही!

खाणीवर बायकाही राबत. त्यांना ‘बाल मेडन’ म्हणत. आपल्याला वाटेल बाल म्हणजे लहान मूल. तसं नाही, कॉर्निश भाषेत ‘बाल’ म्हणजे खाण. खाणीतून वर आलेले दगड हातोड्याने फोडून त्यातली धातू वेगळी करायची, हे त्यांचं काम. त्यात दहा-बारा वर्षांच्या पोरीही असत.

आता शोधायचं कसं? पहिली अडचण नावांची. ट्रे, पोल, पेन अशी सुरुवात असलेली आडनावं खास कॉर्निश. ‘ट्रे’ म्हणजे वस्ती, ‘पोल’ म्हणजे तळं, ‘पेन’ म्हणजे टोक. असं आडनाव असलं तर काम थोडं सोपं. पण विल्यम्स, थॉमस, रिचर्ड्स ही आडनावंही तिथे घरोघरी. समजा, ‘जॉन थॉमस’ शोधायचाय. एकाच गावात चार निघतील! इथे आई मदतीला येते. मुलाच्या नावात मधलं नाव म्हणून आईचं माहेरचं आडनाव घालायची पद्धत तेव्हा बऱ्याच घरांत होती. ‘जॉन ट्रेगॉनिंग थॉमस’ असं दिसलं, की आई ट्रेगॉनिंगांच्या घरातली असावी हे कळतं आणि चारातला एक हाती लागतो.

पुढची पायरी कागदांची. इंग्लंडात १ जुलै १८३७पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद होते. त्याआधीचं बघायचं तर चर्चच्या नोंदवह्या. त्या १५३८पासून ठेवायची सुरुवात झाली. कॉर्निश लोकांत मेथडिस्ट पंथाचे पुष्कळ, म्हणून बाप्तिस्मा मोठ्या चर्चमध्ये सापडला नाही तर मेथडिस्ट चॅपलच्या वहीत बघायचं. दर दहा वर्षांच्या जनगणनेचे कागदही खुले आहेत. १८५१च्या जनगणनेपासून माणूस कोणत्या गावी जन्मला आणि कुटुंबप्रमुखाशी त्याचं नातं काय, हे लिहिलेलं असतं. घरात बाई कुटुंबप्रमुख, पुढे ‘विवाहित’, आणि नवऱ्याचा पत्ता नाही, असं दिसलं की समजावं, स्वारी परदेशी असू शकते.

जहाजाच्या याद्यांचं मात्र थोडं अवघड आहे. ब्रिटनच्या बंदरांतून बाहेर गेलेल्या प्रवाशांच्या याद्या १८९०पासूनच्याच टिकल्यात. त्याआधीचा माणूस जिथे उतरला, त्या देशात शोधावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताचा मृत्यूचा दाखला तर खजिनाच! १८५३पासून त्यात आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, जोडीदार, मुलंबाळं असं सगळं विचारून लिहीत.

आणि इंग्लंडातला लग्नाचा दाखला? त्यात वधू-वरांच्या वडिलांचं नाव आणि धंदा. आईला जागाच नव्हती! ४ मे २०२१पासून आईचं नाव लिहायला लागले. १८३७ ते २०२१, करा हिशेब.

या शोधाची एक वाट आपल्या देशातही येते. शेजारच्या कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८०पासून जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीच्या हाती गेल्या आणि कॉर्निश खाणकरी तिथे आले. ती खाण २००१ साली बंद झाली. हिंदुस्थानात झालेल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कोलारला वारलेल्या पूर्वजाचं नाव कॉर्नवॉलच्या घरातले लोक तिथे शोधू शकतात. कॉर्नवॉलमध्ये रेडरूथ गावी जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत २०१९ साली ‘क्रेसन कर्नो’ हे दप्तरखाना-केंद्र उघडलंय, तिथेही हे सारे जुने कागद जपलेत.

अनुभवी शोधकांचा एक नियम मला फार पटतो. एका कागदावर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्याने दुजोरा द्यायला हवा. आणि कागदांच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारायचं. कोण कुणाची मावशी, कोण बाळंतपणाला कुठे गेली, हे त्यांनाच ठाऊक असतं.

मग मैत्रिणींनो, एवढं तरी करूया? एक वही घ्या. आईचं, आजीचं, सासूबाईंचं, त्यांच्या आईचं माहेरचं नाव, आडनाव आणि गाव लिहा. ज्या हयात आहेत त्यांना आजच विचारा. कॉर्नवॉलच्या लेकींची नावं शोधायला त्यांच्या पणतवंडांना दीडशे वर्षांपूर्वीच्या वह्या चाळाव्या लागतायत. आपल्या पणतींना ती आयती मिळू देत.