तोरण्यावरचं आधण, वरंध्यातलं धुकं

पावसाळ्यात भोरहून महाडकडे निघालं की वरंधा घाटात पुढचं वळण दिसेनासं होतं. गाडीतलं कोणीतरी म्हणतंच, हवेत नुसती वाफ भरलीय. वाफ तिथे असतेच, पण रस्ता झाकते ती वाफ नव्हे. पाण्याची खरी वाफ हवेइतकीच पारदर्शक असते. धुकं म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास व्यासाचे थेंब, म्हणजे द्रवरूप पाणीच. इतका बारीक थेंब खाली येतो तो सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर वेगाने, त्यामुळे साधी झुळूकही त्याला तरंगत ठेवते. चहाच्या किटलीकडे नीट पाहिलं तर तोटीच्या तोंडाशी थोडी जागा रिकामी दिसते आणि पांढरा लोट तिच्यापुढे सुरू होतो. वाफ आहे ती त्या रिकाम्या जागेत. बोट सगळ्यात जास्त भाजतं तेही तिथेच.

उकळत्या पाण्यातले बुडबुडे हवेचे असतात, हाही असाच पक्का बसलेला समज. पातेलं तापू लागताच कडेला चिकटणारे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात खरे, पण ती लवकरच निघून जाते. नंतर खदखदून वर येणारे मोठे बुडबुडे निव्वळ वाफेचे. पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात असं कित्येक विद्यार्थी लिहितात, तेही चूक. उकळताना रेणू फुटत नाही, फुगतही नाही. बर्फात, पाण्यात आणि वाफेत रेणू तोच, बदलतं ते रेणूंमधलं अंतर आणि त्यांची हालचाल. एक लिटर पाण्याची १०० अंशांना वाफ केली तर ती सोळाशेहून अधिक लिटर जागा व्यापते. मग रेणूंच्या मधल्या जागेत काय असतं? "हवा," असं उत्तर हमखास येतं. पण हवासुद्धा रेणूंचीच असते. मधे काहीच नसतं, नुसती पोकळी.

आता तोरण्यावर जाऊ. वेल्ह्याच्या डोक्यावरचा हा गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच आहे. तिथे चूल मांडून भात टाकला तर तो शिजायला खाली गावातल्यापेक्षा जास्त वेळ घेतो. लोक वाऱ्याला किंवा ओल्या सरपणाला दोष देतात. पण आधण छान खदखदत असतं तरी भात कच्चाच, याचं कारण वेगळं आहे. पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला. वर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे बुडबुडे लवकर तग धरतात आणि पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं. त्यापुढे कितीही जाळ घाला, उघड्या पातेल्यातलं पाणी अधिक तापत नाही. ती उष्णता रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते. प्रेशर कुकर याच्या उलट करतो. आत दाब वाढवून तो पाण्याला १२० अंशांच्या आसपास नेतो. गडावर कुकर नेणाऱ्याला हसू नये.

वाफ व्हायला उकळावंच लागतं, असंही नाही. भाटघरच्या जलाशयातून पाणी बारा महिने उडत असतं. पृष्ठभागावरचे वेगवान रेणू निसटतात, मागे संथ रेणू राहतात, म्हणून उरलेलं पाणी गार होतं. माठाचं गुपित एवढंच.

स्थायूतले कण निश्चल असतात, हे तर पाठ करूनच बसलेलं असतं. तोरण्याच्या काळ्या कातळातला प्रत्येक अणू आपल्या जागी सेकंदाला लाखो कोटी वेळा थरथरतो; फक्त जागा सोडत नाही. हवेतले रेणू मात्र सरासरी सेकंदाला सुमारे ४७० मीटर धावतात. मग शेजारी शिजणाऱ्या आंबेमोहोराचा वास ओसरीपर्यंत यायला वेळ का लागतो? कारण हवेतला रेणू सेकंदाला काही अब्ज वेळा दुसऱ्यावर आपटतो आणि दर वेळी दिशा बदलतो.

आणखी एक: पावसाळी हवा जड असते, असं सगळेच म्हणतात. पाण्याच्या रेणूचं वस्तुमान १८, नायट्रोजनचं २८, ऑक्सिजनचं ३२. तापमान आणि दाब सारखे असतील तर दमट हवा कोरडीपेक्षा हलकीच भरते. जड वाटतं ते घाम वाळत नाही म्हणून. समुद्रावरून कोकणमार्गे येणारी ही दमट हवा सह्याद्रीच्या धारेवर चढताना पसरते, थंड होते, तिच्यातली वाफ थेंब धरते. वरंध्यात काचेवर येतात ते हेच थेंब.