पाडव्याची ओवाळणी आणि घरातील पहिले रत्न

दिवाळीचा पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांपैकी अर्धा मुहूर्त. या दिवशी गृहिणी पतीला ओवाळते आणि तो निरांजनाच्या तबकात यथाशक्ती ओवाळणी घालतो. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावी या सुमारास कापसाची वेचणी चालू असते. पहिल्या वेचणीचे पैसे हाती आले, की घरोघर ओवाळणीचा विचार निघतो. मंगळसूत्र, पाटल्या बहुधा लग्नातच झालेल्या असतात. मग मनात येते, यंदा मोत्याची नथ करावी, नाही तर माणकाची अंगठी. घरात प्रथमच रत्न येणार, याचा आनंद होतो आणि थोडी धास्तीही वाटते. ती धास्ती रास्तच आहे, असे आम्हांस वाटते.

सोने आमच्या घरांना परके नाही. अडीअडचणीला तेच गहाण ठेवून बियाणे येते, तेच मोडून आजारपण निभावते. रत्नाचे तसे नाही. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो. खड्याला असा एक ठरलेला भाव नसतो, आणि विकावयास गेल्यास दिलेली किंमत क्वचितच परत मिळते. म्हणून पहिले रत्न हौसेच्या पैशातून घ्यावे, पेरणीच्या पैशातून नव्हे.

रत्नांची पारख ही आपल्याकडे जुनी विद्या आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांच्या परीक्षेला स्वतंत्र अध्याय दिले. आपला मुलूखही १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि हैदराबाद ही मोत्यांची नामांकित पेठ. परंतु काळ पालटला. १८९३ मध्ये जपानात मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती घडविण्यात यश मिळविले. १९०२ मध्ये फ्रान्समधील व्हेर्नोई यांनी भट्टीत माणिक तयार करण्याची कृती जाहीर केली. आज बाजारातील बहुतेक मोती असे संवर्धितच असतात. ते खोटे नव्हेत. मात्र ते नैसर्गिक म्हणून विकले जाऊ नयेत. दातावर हलकेच घासल्यास खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. पण संवर्धित आणि नैसर्गिक यांतील भेद या परीक्षेने कळत नाही. भट्टीतील माणिकही नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण. मोठी रक्कम द्यावयाची असेल, तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. त्यात संकोच कसला?

दागिन्यावरील हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याची नव्हे, हे गृहिणींनी विशेष ध्यानी ठेवावे. ‘कॅरेट’ या शब्दानेही घोटाळा होतो. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, तर रत्नाचा कॅरेट म्हणजे वजन. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. बिलात सोन्याचे निव्वळ वजन, खड्याचे वजन व किंमत आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. खड्याचे वजन सोन्यात धरले गेले, तर आपण दगडाला सोन्याचा भाव मोजतो, आणि पुढे मोडीच्या वेळी तो दगड वजा होतो.

कुणी साडेसातीचे भय घालून कर्ज काढूनही नीलम घेण्याचा सल्ला देईल. ज्यांची ग्रहांवर श्रद्धा आहे त्यांनी ती जरूर जपावी. परंतु भयाच्या भरात केलेली खरेदी पुढे पस्तावा देते. मारुतीला तेल वाहून, शनिवारचा उपवास करूनही शनीची आराधना होते, आणि त्यासाठी सावकाराच्या दारी जावे लागत नाही.

रत्न घरी आल्यावर त्याची निगाही राखावी. मोती नाजूक असतो. अत्तर, घाम आणि आंबट पदार्थ यांनी त्याचे तेज जाते. नथ सर्वांत शेवटी घालावी, सर्वांत आधी काढावी आणि मऊ कापडाने पुसून ठेवावी.

मुहूर्त पंचांगात सापडतो. पारख आपल्यालाच करावी लागते. पाडव्याच्या सायंकाळी तबकात एकच लहानसा मोती असला, तरी तो काय आहे आणि किती रुपयांना आला, हे दोघांनाही ठाऊक असावे. कर्जाची सावली नसलेल्या अशा मोत्यावर निरांजनाचा प्रकाश पडला, की ती ओवाळणी लक्ष्मीलाही मान्य होईल, अशी आमची श्रद्धा आहे.