'स्मोकिंग बिशप' : एका गरम पेयाची हकीकत आणि कृती

इंग्रजी शिकविणाऱ्या माझ्या एका शिक्षकमित्रांनी मध्यंतरी मला गाठले. "अहो, डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये अगदी शेवटी 'स्मोकिंग बिशप' येतो, तो काय प्रकार आहे? मुलांनी विचारलं तर सांगायचं काय?" त्यांच्या वर्गातल्या एका चुणचुणीत मुलाने तोवर अर्थ लावूनही टाकला होता : विडी ओढणारा धर्मगुरू! शब्दकोश उघडून एकेका शब्दाचा अर्थ जोडला तर दुसरे काय निघणार?

'बिशप' हे एका पेयाचे नाव आहे आणि त्यातून निघणारी वाफ म्हणजे 'स्मोकिंग'. भाजलेली संत्री, मसाले आणि पोर्ट नावाची गोड लाल वाइन एकत्र गरम करून हे पेय करीत. त्याचा जांभळट रंग बिशपच्या झग्यासारखा, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. इंग्रजांची विनोदबुद्धी इथेच थांबली नाही. पोर्टऐवजी क्लॅरेट वाइन घेतली की झाला 'आर्चबिशप', आणि बर्गंडी घेतली की थेट 'पोप'!

पण एवढ्याने गोष्टीतला अर्थ उलगडत नाही. १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या या कथेतला स्क्रूज हा महाकंजूष सावकार. त्याचा कारकून बॉब क्रॅचिट याला आठवड्याला पंधरा शिलिंग पगार. कचेरीत त्याच्या वाट्याचा विस्तव इतका लहान की जणू एकच कोळसा. बिचारा मेणबत्तीवर हात शेकू पाहतो. नाताळच्या दिवशी घरी हाच बॉब लिंबू घालून गरम जिन करतो आणि ते घरची मंडळी दोन पेल्यांतून व कान नसलेल्या एका कपातून पितात. जिन हे तेव्हा लंडनच्या गरिबाचे पेय. पोर्ट यायची पोर्तुगालहून, संत्री स्पेनहून, आणि लवंग-जायफळ त्याहूनही लांबून. मनपालट झालेला स्क्रूज दुसऱ्या दिवशी बॉबचा पगार वाढवतो, आधी कोळशाची आणखी एक बादली विकत आण म्हणतो, आणि दुपारचे बोलणे बिशपच्या वाडग्याभोवती बसून करू म्हणतो. जिनच्या जागी पोर्ट आली, आणि मालक व नोकर एकाच वाडग्याशी बसले! मुलांना हे सांगितले नाही तर ते वाक्य कोरडेच राहील.

आता कृती. एलायझा अॅक्टन या बाईंनी १८४५ साली इंग्लंडमधील घरगुती स्वयंपाकावर एक पुस्तक काढले. त्यात बिशपची कृती दिली आहे आणि ती वाचताना आपल्याला फारसे परके वाटत नाही. आधी लिंबाच्या सालीला चिरा पाडून त्यात लवंगा खोचायच्या व मंद विस्तवापाशी ते भाजायचे. लिंबाऐवजी सेव्हिलची कडू संत्रीही पुष्कळदा घेत. आपल्याकडे करायचे तर मोसंबे घ्यावे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. तीत लवंग नीट धरत नाही. भरताचे वांगे भाजतो तसे निखाऱ्यावर फिरवीत राहा, मात्र काळे होऊ देऊ नका. साल तांबूस झाली, घरभर वास सुटला की पुरे. सालीत बारीक बारीक पिशव्यांत सुगंधी तेल असते, ते उष्णतेने मोकळे होते. मोसंब्याला कडू संत्र्याचा आंबटपणा नाही, तेव्हा शेवटी अर्धे लिंबू पिळावे लागेल.

दुसरीकडे दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, थोडी जायपत्री आणि आल्याचा तुकडा दीड कप पाण्यात घालून पाणी निम्मे होईपर्यंत उकळा. हा तर आपला काढाच की! आपली आजी अष्टमांश आटवीत असे, इथे निम्म्यावर थांबायचे, एवढाच फरक. मसाला अख्खा घ्या. पूड घातली तर पेय गढूळ होते आणि जिभेला कचकच लागते. कितीही गाळा, जात नाही.

मग पाऊण लिटरची एक बाटली वाइन. इथे अॅक्टनबाईंचे आणि आजच्या जाणकारांचे जमत नाही. बाई वाइन उकळायला सांगतात, वर पेटता कागद लावून तिच्यातला थोडा मद्यांश जाळायलाही सांगतात. तुम्ही हे मुळीच करू नका. पोर्टमध्ये सुमारे वीस टक्के मद्यार्क असतो आणि त्याची वाफ भडकन पेट घेते. चुलीच्या उघड्या जाळावर तर फारच जपायला हवे. शिवाय उकळल्याने वाइनचा मूळ सुगंध उडतो आणि चव शिजल्यासारखी होते. म्हणून वाइन मंद आचेवर ठेवा, कडेला वाफ दिसू लागली की आच आणखी कमी करा. बुडबुडे येता कामा नयेत. त्यात गाळलेला काढा व भाजलेले मोसंबे टाकून दहा मिनिटे झाकून ठेवा. साखर चवीप्रमाणे. बाईंची एक युक्ती मात्र घेण्यासारखी आहे : साखरेचे खडे लिंबाच्या सालीवर घासायचे. खड्यांच्या धारेने तेलाच्या पिशव्या फुटतात व तेल साखरेत मुरते. शेवटी वरून जायफळ किसायचे.

भांडे कोणते? स्टेनलेस स्टीलचे किंवा चिनी मुलाम्याचे. कल्हई नसलेल्या पितळेत चिंचेचे सार कोणी ठेवीत नाही, हे आपल्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. आता गंमत बघा, चिंचेत जे मुख्य आम्ल असते तेच द्राक्षातही असते. रसायनशास्त्रात त्याला टार्टारिक आम्ल म्हणतात. तेव्हा नियमही तोच. अॅल्युमिनियमही नको.

कायद्याचेही सांगून ठेवतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे मद्य जवळ बाळगायला व प्यायला परवाना लागतो, आणि घरी द्राक्षे आंबवून वाइन काढणे हा परवान्यावाचून गुन्हाच आहे. वरची कृती ही तयार वाइन गरम करण्याची आहे.

या पेयाविषयी दोन समज पसरलेले आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला, गरम केले की दारू उडून जाते. अमेरिकेच्या शेतीखात्याने पदार्थ शिजवून याची मोजणी केली आहे. पदार्थात मिसळलेले मद्य पाव तास मंद उकळल्यावरही सुमारे चाळीस टक्के शिल्लक राहते, अडीच तासांनीही पाचएक टक्के उरतेच. आपण तर उकळतही नाही. तेव्हा ज्याला मद्य वर्ज्य आहे, त्याने 'उकळलेलं आहे हो, घ्या' या आग्रहाला बळी पडू नये. गरोदर बाईने तर नाहीच.

दुसरा समज अधिक घातक, तो म्हणजे मद्याने अंगात ऊब येते. ऊब वाटते, हे खरे. मद्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तिकडे ऊन रक्त धावते आणि अंग तापल्यासारखे वाटते. पण त्याच वाटेने शरीराच्या आतली उष्णता बाहेर निघून जाते. कडाक्याच्या थंडीत रात्री शेतावर राखणीला जाणाऱ्याने 'थोडी घेऊन' निघणे म्हणजे दार उघडे टाकून शेकोटी पेटविणे. त्याला घोंगडीच हवी. आणि तान्ह्या मुलाला सर्दी झाली की ब्रँडीचे दोन थेंब चाटविण्याची चाल अजून काही घरांत आहे, ती आजच सोडा. लहान मुलाच्या रक्तातली साखर मद्याने एकाएकी उतरू शकते. मूल गुंगते, त्याला झटके येऊ शकतात. घरातल्यांना मात्र वाटते, औषध लागू पडले, शांत झोपले!

शाळेत करून दाखवायचे असेल तर वाइनच्या जागी काळ्या द्राक्षांचा गाळलेला रस घ्यावा. मसाल्याची तेले मद्यात चटकन उतरतात, नुसत्या पाण्यात व रसात तितकी नाही. म्हणून मसाल्याचा काढा थोडा अधिक वेळ उकळून दाट करावा. रस मुळात गोड, तेव्हा साखर जवळजवळ नकोच, लिंबू मात्र अख्खे पिळावे. भाजलेले मोसंबे आणि लवंगा तशाच. जायफळ वर्गातच किसावे, आणि तेही पेला वाफाळत असतानाच. वाफेबरोबर वास उठला की मुले आपण होऊन विचारतील, "सर, ह्यालाच स्मोकिंग म्हणतात का?"