सदाफुलीचा रस आणि सदाफुलीचे इंजेक्शन

मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीतच संपला. तरीही हा विषय लिहायला घेतला, याला कारण आमच्या वस्तीतली चंदी नावाची कुत्री.

गेल्या पावसाळ्यात चंदीच्या शेपटीखालून रक्त ठिबकू लागले. पाहिले तर फुलकोबीच्या गड्ड्यासारखी गाठ! लहान मुलांना काही होईल या भीतीने लोक तिला पोत्यात घालून दूर सोडून येण्याच्या गोष्टी करू लागले. मी दवाखान्याचे नाव काढताच बाबा म्हणाले, "काहाले पैशे घालवतं वं पोरी? आंगनात सदाफुली हाय, तिचाच रस पाज." बाबा इतवारीत हातठेला ओढतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा बाबांचे म्हणणे मला अडाणीपणाचे वाटले, हे कबूल केले पाहिजे. पुढे कळले, बाबा निम्मे बरोबर होते.

सेमिनरी हिल्सवर १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. चंदीला ठेल्यावर बसवून बाबांनीच तेथे नेले. डॉक्टरांनी गाठीतील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. हा कुत्र्यांचा संसर्गजन्य कर्करोग निघाला. याची गंमत (गंमत तरी कशी म्हणावी!) अशी की, येथे जंतू नसतो, कर्करोगाची पेशीच समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर जाऊन रुजते. १८७६ साली नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने अशी गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखविली. जगभरच्या या सगळ्या गाठी एकाच कुत्र्याच्या पेशींची संतती आहेत. ते बहुधा आशियात, चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी होऊन गेले, असा २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा अंदाज आहे. माणसाला हा रोग होत नाही. वस्तीत जाऊन मी हे आधी सांगितले.

यावरचे औषध व्हिन्क्रिस्टिन. आठवड्यातून एकदा शिरेतून टोचतात, आणि चार ते सहा आठवड्यांत बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. आणि हे औषध मिळते सदाफुलीच्या पानांतून! बाबांनी माझ्याकडे असे पाहिले की मी मान खाली घातली.

मग रस का चालू नये? याचे उत्तर या औषधाच्या जन्मकथेतच आहे. सदाफुली मूळची मादागास्करची. पण तिचा पाला मधुमेहावर घेण्याची चाल कितीतरी देशांत आहे. आमची आजीसुद्धा सकाळी फुले चावते. १९५२ साली जमैकातून अशीच पाने कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे तपासायला आली. त्यांनी अर्क उंदरांना पाजला. साखर काही उतरली नाही. मग तोच अर्क टोचला, तर उंदीर आठवडाभरात जंतुसंसर्गाने दगावले. अर्काने त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी संपविल्या होत्या. दुसरा कोणी पाने फेकून देता. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी विचार केला की, भराभर वाढणाऱ्या पेशी जो मारतो, तो रक्ताच्या कर्करोगावर चालेल. त्यातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन पुढे आले. त्याचेच भावंड व्हिन्क्रिस्टिन अमेरिकेत १९६३ साली मान्य झाले. पेशी दुभंगताना तिच्यात जे सूक्ष्म धागे तयार होतात, ते हे औषध जुळूच देत नाही. पेशी अर्धवट अडकते आणि मरते.

म्हणजे पाजलेला आणि टोचलेला अर्क यांत जमीन-अस्मानाचा फरक पडला. शिवाय सदाफुलीत शंभरावर अल्कलॉइडे आहेत आणि व्हिन्क्रिस्टिन त्यांत नाममात्र. एक ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळली पाने लागतात. चंदीचे वजन १२ किलो. तिला एका वेळी लागले ०.३ मिलिग्रॅम. हे माप वाटीभर रसात कोण मोजणार? कमी पडले तर गाठ जात नाही, जास्त झाले तर कुत्री जाते. शिरेबाहेर सांडले तरी मांस सडते, इतके ते जहाल आहे.

आणखी एक अडचण मला फार विचार करण्यासारखी वाटली. या रोगाची गाठ कधीकधी आपोआपही विरते. समजा, आम्ही रस पाजला असता आणि गाठ विरली असती, तर सगळ्या वस्तीने सदाफुलीचा जयजयकार केला असता! म्हणूनच वनस्पतीची परीक्षा एका कुत्र्यावर होत नाही. सारख्याच आजाराची पुष्कळ कुत्री मालकांच्या संमतीने घ्यायची, काहींना नवे औषध, काहींना नेहमीचे द्यायचे, आणि गाठी मोजत राहायचे. हळदीचे पाहा. तिच्यातील कर्क्युमिन काचेच्या बशीत कुत्र्याच्या कर्कपेशी मारते. पण पोटात दिले तर रक्तात जेमतेम उतरते. बशीतल्या यशावर हळदीच्या गोळ्या विकणारे मात्र वाट पाहत नाहीत.

तिसऱ्या आठवड्याला चंदीची गाठ बोराएवढी उरली. चौथ्या वेळी रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी घटलेल्या. नोबलच्या उंदरांचेच ते लक्षण! डॉक्टरांनी इंजेक्शन आठवडाभर लांबविले. मग ते दिले, आणि पुढच्या खेपेला गाठ नव्हती.

आता वस्तीतला भुऱ्या रक्त गाळीत फिरतो आहे. तो काही हाताला लागत नाही. बाबा रोज संध्याकाळी पोळीचा तुकडा घेऊन त्याच्या मागे असतात.