नोंदवहीतला खोकला

भिवंडीत शांतीनगरच्या बाजूला माझं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक लूमवरचं, म्हणजे यंत्रमागावरचं. पाळी संपवून माणूस येतो, केसांत सुताची धूळ, आणि म्हणतो, "खांसी की कोई दवा दे दो." महिनाभर खोकतोय, पण दवाखान्यात जात नाही, कारण मजुरी मीटरवर, लूम सोडला की तेवढे पैसे बुडाले. खोकला धुळीचा की टीबीचा, हे थुंकी तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. मी त्याला तपासणीसाठी आयजीएम या सरकारी रुग्णालयात पाठवतो.

१ मार्च २०१४ पासून टीबीची औषधं 'शेड्यूल एच-१'मध्ये आली. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, नग, सगळं वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. अनेक दुकानदारांना ती कटकट वाटते. मला ती हवीशी वाटते. चिठ्ठीशिवाय चार-चार गोळ्या नेऊन, बरं वाटलं की सोडून द्यायच्या, याने जंतू निर्ढावतो आणि साध्या औषधांना दाद देईनासा होतो. मार्च २०१८ मध्ये डॉक्टर आणि प्रयोगशाळांसोबत आम्हा औषधविक्रेत्यांनाही टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक झालं. नोंद झाली की औषध फुकट, शिवाय पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये. नोव्हेंबर २०२४ पासून १०००.

निर्ढावलेल्या टीबीवरचं बेडाक्विलीन भारतात २०१६ मध्ये आलं, तेही सुरुवातीला मोजक्या सहा केंद्रांत. पाटण्याच्या एका तरुण मुलीला दिल्लीच्या रुग्णालयाने ते नाकारलं. कारण काय, तर ती दिल्लीची रहिवासी नाही. वडील उच्च न्यायालयात गेले, तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये सरकारने औषध द्यायचं कबूल केलं. पुढच्या वर्षी ती वारली. ही बातमी वाचून माझं काळीज हललं. आमच्या लूमवर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातलीच माणसं. रहिवासाचा दाखला मागितला तर यांनी कुठे जायचं?

मग पेटंटचा प्रश्न. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दोघींचीही श्रवणशक्ती टीबीच्या जुन्या औषधांनी गेलेली. जॉन्सन अँड जॉन्सनला बेडाक्विलीनवरची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबवायची होती. या दोघींनी २०१९ मध्ये त्याला हरकत घेतली. जुन्याच औषधाचं नवं रूप काढून पुन्हा पेटंट मिळवण्याला आपल्या कायद्याचं कलम ३(ड) आडवं येतं. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला, आणि त्याच वर्षी जुलैत मूळ पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांना हे औषध बनवायची वाट मोकळी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने बेडाक्विलीनसह चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. आधी निर्ढावलेल्या टीबीचा उपचार वीस महिन्यांपर्यंत चाले.

सहा महिने म्हटलं की लूमवरचा माणूस निदान ऐकून तरी घेतो. पण लगेच विचारतो, तेवढे दिवस घर कसं चालणार? छोट्या शेडमधल्या कित्येकांची ना हजेरी, ना ईएसआय. हजार रुपयांत खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही. नोंद सक्तीची करणाऱ्या सरकारने त्याच नोंदीवर निदान पहिल्या दोन महिन्यांची बुडालेली मजुरी द्यावी, एवढं माझं मागणं आहे.